रिकामा ताबा

मुळा उपटताना हात आधी बधिर होतात, दुखायला नंतर लागतात. गिरिजाला हे ठाऊक होतं, म्हणून बधिरपण आहे तोवर ती भराभर वाफा उरकत होती. पाल्याची मूठ धरायची, मनगट जरासं फिरवायचं, ओढायचं, माती झटकायची. धुक्यात पलीकडचा बांध दिसत नव्हता. मुरलीधर तिकडेच कुठेतरी होता. त्याचा खोकला मधूनमधून येई आणि त्यावरून तो कुठवर सरकलाय ते तिला कळे.

"अहो, निघते मी," तिनं हाक दिली. "आज मीटिंग आहे."

"पाय धुऊन जा."

"धुते."

"मागच्या वेळी तशीच गेलीस."

गेली होती खरी. नगर परिषदेच्या सभागृहात नवा गालिचा अंथरला होता आणि त्यावर तिच्या चपलांची ओली माती दारापासून खुर्चीपर्यंत उमटली होती. शिपायानं सगळ्यांसमोर फडकं आणून ती पुसून काढली. मीटिंग संपेपर्यंत गिरिजा पाय खुर्चीखाली ओढून बसली होती. आज तिनं पाटाच्या गार पाण्यात घोट्यापर्यंत पाय घासले, टाचांच्या भेगांतली माती काडीनं काढली आणि पिशवीतली दुसरी साडी गोठ्याच्या आडोशाला नेसली.

गुडगावच्या पलीकडे, मेट्रो संपते तिथून पुढे ऑटो करून जावं लागतं, असं हे रतनखेडी. पूर्वी नुसतं गाव होतं. मग चहूबाजूंनी सेक्टर आले, टॉवर आले, पंचायत जाऊन नगर परिषद बसली. गावाच्या सामायिक जमिनीला तिकडे शामलात म्हणतात. ती परिषदेच्या ताब्यात गेली. तिथं जोहड आहे, म्हणजे गावतळं. म्हशी डुंबतात, बायका गोवऱ्या थापतात, पोरं क्रिकेट खेळतात, आणि एका अंगाचे तुकडे परिषद वर्षाच्या पट्ट्यानं कसायला देते. त्यातला एक तुकडा मुरलीधर रासकरकडे होता.

मुरलीधर मूळचा सासवडकडचा. दिल्लीत केंद्र सरकारच्या उद्यानखात्यात माळी म्हणून चिकटला आणि हेडमाळी होऊन निवृत्त झाला. सगळा संसार सरोजिनी नगरच्या क्वार्टरात झाला. तिथून उठून सासवडला जायचं तर तिथं त्याची वाट बघणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून रतनखेडीत दोन खोल्या घेतल्या. हात रिकामे ठेवायची सवय नाही, म्हणून शेत घेतलं. तो पिकवी आणि गिरिजा हातगाडीवरून गावात नि सेक्टरांत विके.

ती पार्षद, म्हणजे नगरसेविका, झाली ते मात्र नशिबाचा खेळ म्हणायचा. वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला. गावातल्या दोन मोठ्या घराण्यांचं एकमेकांच्या सुनांवर एकमत होईना, तेव्हा दोघांनीही भाजीवाल्या मराठणीला उभं केलं. बाहेरची आहे, गप्प बसेल, असा हिशेब. पहिलं वर्षभर ती गप्प बसलीही.

त्या दिवशी सभागृहात पडद्यावर शामलातीच्या जागेचं हिरवंगार चित्र होतं. अंशुमन नावाचा सेक्टरकडचा तरुण पार्षद समजावून सांगत होता. बोलणं मोठं गोड, प्रत्येकाला जी लावून.

"नौ होल का गोल्फ कोर्स. शहर की शान बढ़ेगी. और पब्लिक के लिए, जो चाहे खेले."

"भैंसें कहाँ जाएँगी?" गिरिजानं विचारलं.

दोघंतिघं हसले. अंशुमन हसला नाही. "ताईजी, गोशाला का प्रस्ताव भी लाएँगे. हरियाली ही हरियाली होगी. आप तो खुद हरियाली वाले लोग हो."

चर्चा लांबली. बाजूनं बोलणारे आणि विरोधात बोलणारे जवळजवळ सारखेच होते. गिरिजाशेजारी संतोष नावाची बाई बसली होती, जुन्या गावातली, तिच्यासारखीच राखीव वॉर्डातून आलेली, अर्ध्या तोंडावर पदर. टेबलाखालून तिनं गिरिजाचा हात दाबला. गिरिजाला धीर आला आणि ती म्हणाली, "मेरा वोट खिलाफ है. लिख लो."

तेव्हा अंशुमन उभा राहिला आणि त्यानं हात जोडले.

"ताईजी मेरी माँ समान हैं. पर जिस ज़मीन का फैसला है, उसी पर ताऊजी का पट्टा है. अपने खेत के लिए वोट देंगी क्या? लोग क्या कहेंगे?"

ताऊजी म्हणजे मुरलीधर; सगळ्या माना गिरिजाकडे वळल्या. गिरिजाला कानाच्या पाळ्या तापल्यासारख्या वाटल्या. परिषदेच्या अधिकाऱ्यानं चष्मा पुसत नियम सांगितला. मतदान पुढच्या बैठकीत आहे. तोवर पट्टा परत केला तर कुणाची हरकत नाही. ठेवला, तर मतदानाच्या वेळी ताईंना बाहेर बसावं लागेल. आणि एकदा परत केला की पार्षदाच्या घरच्यांना नव्यानं मिळत नाही, हेही त्यानं जाता जाता सांगून टाकलं.

गिरिजा चालत घरी आली. ऑटो थांबत होत्या, तिनं एकीलाही हात केला नाही.

मुरलीधर दारात बसून पाठीला तेल लावून घ्यायची वाट बघत होता. हे रोजचं होतं. तिनं वाटी घेतली आणि त्याच्या मागे बसली. पाठ डावीकडे कललेली होती, कमरेपाशी एक गाठ कायमची बसलेली. ती हरळीनं दिली होती.

शेत घेतलं तेव्हा त्यावर हरळीची चटई पसरली होती. गावचा कुणी शहाणा तो तुकडा घ्यायला तयार नव्हता. ट्रॅक्टर फिरवला तर मुळाचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याची नवी हरळी होते, हे मुरलीधरला कुणी सांगायला नको होतं. जन्मभर त्यानं तेच केलं होतं. साहेबांच्या बंगल्यांपुढे, चौकांत, मोठमोठ्या लॉनवर हरळीच तर लावली होती. इथं तो कुदळ घेऊन उकिडवा बसला. खोल खणायचं, पांढरी मुळं हाताने माग काढत उचलायची, झटकायची, बांधावर वाळवून पेटवायची. हिवाळेच्या हिवाळे गेले. "नोकरीत लावली तेवढी आता उपटतोय," असं म्हणून तो हसायचा. तिसऱ्या वर्षी तिथं मेथी आली आणि बघायला गावातली म्हातारी माणसं आली.

तेल चोळता चोळता गिरिजानं सगळं सांगितलं.

"मत दिलं नाहीस तर?" शेवटी त्यानं विचारलं.

"मग ठराव होतोच."

"दिलंस तर?"

"पडेल बहुतेक. संतोष आहे आपल्याबरोबर."

"म्हणजे आपलं शेत दोन्हीकडून जातंय."

गिरिजाचा हात थांबला. "हो," ती म्हणाली.

त्यानं अंगणातल्या पाटीकडे पाहिलं. सकाळचे मुळे तसेच पडले होते. "मग दे मत," तो म्हणाला. "जायचंच आहे तर गावाच्या उपयोगी तरी पडू दे. त्या म्हशी तरी राहतील."

गिरिजाला रडू आलं. तिनं तेलाचा हात डोळ्यांना लावला आणि मग डोळे चुरचुरतात म्हणून उठून गेली.

दुसऱ्या दिवशी वाद झाला तो वेगळ्याच गोष्टीवरून. गिरिजाचं म्हणणं साधं होतं. अर्ज द्यायचा, सही करायची, मोकळं व्हायचं. पीक उभं राहू दे. फ्लॉवरचे गड्डे अजून मुठीएवढेच होते, झेंडू लग्नसराईसाठी ठेवला होता. परिषदेचा माणूस काही लगेच येऊन शेतात बसणार नव्हता.

"उभ्या पिकासकट?" मुरलीधर म्हणाला. "कागदावर सोडलंय, खातायत मात्र तेच, असं म्हणतील. सरकारी जागा अशी देत नाहीत."

"अहो, इथं सगळे असंच देतात."

"देऊ देत. मी रिकामा ताबा देणार."

गिरिजानं कपाळाला हात लावला. हा शब्द तिच्या ओळखीचा होता. सरोजिनी नगरचं क्वार्टर सोडताना त्यानं असंच केलं होतं. भिंतीतले खिळे एकेक करून काढले, भोकं प्लॅस्टरनं बुजवली, गळका नळ स्वतः बदलला, वर स्वतःच्या हातानं चुना मारला. किल्ली घ्यायला आलेला बाबू दारातूनच बघून निघून गेला. पुढच्याच वर्षी तिथले सगळे क्वार्टर पाडले, टॉवर बांधायला. शेजारचे लोक खिडक्यांची दारंसुद्धा काढून घेऊन गेले होते आणि ह्याचा चुना ओला होता, असं ती चारचौघांत सांगायची आणि लोक खो खो हसायचे. मुरलीधरही हसायचा. पण पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच करेल, हे तिला माहीत होतं.

"तुमच्यापुढे हात टेकले," ती म्हणाली आणि विळा घेऊन त्याच्यामागे निघाली.

शेत रिकामं करायचं काम शेत पिकवण्यापेक्षा अवघड असतं. हातांना ती सवय नसते. कच्चा फ्लॉवर कापताना विळा उगाच जोरानं बसत होता. गड्डे दुधाळ, घट्ट, अजून दोन आठवडे हवे होते. त्यांनी ते विकले नाहीत. गिरिजा गाडी घेऊन गल्लीगल्लीतून फिरली आणि ज्याला हवं त्याला देत गेली. "ताई, आज मुफ्त?" बायका विचारत. ती म्हणे, "ले लो, आखिरी है." काहींनी घेतलं, काहींना फुकटचं म्हणून संशय आला. सेक्टरच्या गेटवर सुरक्षारक्षकानं गाडी अडवली, मग स्वतःसाठी चार गड्डे काढून घेतले आणि आत सोडली.

झेंडू मुरलीधरनं सगळ्यात शेवटी ठेवला. फुलं तोडून गिरिजानं त्यांच्या पाट्या जोहडाच्या देवळात नेऊन ओतल्या. मग त्यानं झाडं मुळासकट उपटली, पाला बांधाबाहेर नेला, पाटाच्या कडा सारख्या केल्या, पाणी अडवायचा दगड धुऊन जागेवर ठेवला. कुदळीच्या दांड्यावर रेलून तो दर थोड्या वेळानं उभा राही, तेव्हा तोंडातून वाफ निघे आणि ओठ निळसर दिसत. गिरिजा म्हणाली, बसा. तो म्हणाला, बसलो तर उठणार नाही. शेवटच्या दिवशी त्यानं संबंध तुकड्यावर दाताळं फिरवलं. पाटीवर खडूनं काही लिहायच्या आधी ती पुसतात, तसं ते शेत दिसायला लागलं.

ताबा घ्यायला परिषदेचा ज्युनियर इंजिनिअर स्कूटरवरून आला. धुकं विरलं नव्हतं, त्यानं मफलर नाकावर ओढला होता. मुरलीधरनं इस्त्रीचा शर्ट आणि त्यावर खात्याचा जुना कोट घातला होता.

"साहब, चारों कोने देख लीजिए," तो म्हणाला. "बांध पूरे हैं. नाली साफ है."

"ठीक है, ठीक है."

"एक चक्कर..."

"अरे ताऊ, क्या देखना है, मिट्टी ही तो है." इंजिनिअरनं स्कूटरच्या सीटवरच कागद ठेवून सही केली. इंजिन त्यानं बंद केलंच नव्हतं. तो गेला तरी मुरलीधर बराच वेळ रस्त्याकडे तोंड करून उभा होता. मग तो एकटाच चारी कोपऱ्यांवरून फिरून आला. गिरिजा बांधावर बसून राहिली, त्याच्याबरोबर जायला तिला धीर झाला नाही.

आणि बैठक पुढे ढकलली गेली. प्रधानजी, म्हणजे परिषदेचे अध्यक्ष, लग्नाला गेले. मग प्रदूषण वाढलं म्हणून कार्यालयं अर्धी चालली. मग कोरम भरला नाही. गिरिजा दरवेळी पाय धुऊन जायची आणि परत यायची. संतोष भेटली की म्हणायची, "ताई, मैं तेरे साथ हूँ, घबरा मत." पण हल्ली ती हात दाबत नव्हती आणि तिच्या नवऱ्यानं नवी पांढरी गाडी घेतल्याचं गावात बोललं जात होतं.

मुरलीधर घरात बसला. पहाटे उठायचा, चहा घ्यायचा, कुदळीला तेल लावायचा आणि कोपऱ्यात ठेवायचा. शेताकडे जायचा नाही. "आपलं नाही आता, फिरकायचं कशाला," म्हणायचा. जेवण निम्म्यावर आलं. गिरिजा दुसऱ्यांच्या शेतातली भाजी आणून गाडीवर विकू लागली. संध्याकाळी ती पिशवीत उरलेली जुडी आणायची. तो ती हातात घेऊन बघायचा आणि म्हणायचा, "पाणी जास्त झालंय याला." एवढंच काय ते बोलणं.

संक्रांतीला रुचिता आली. मुलगी गुडगावच्या एका कंपनीत कामाला, राहायला शेजारच्याच सेक्टरात, टॉवरमध्ये. तिळगूळ हातात घेऊनही तिचं लक्ष फोनकडे होतं.

"आई, एक दाखवू का? रागवू नकोस हं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आलंय."

फोटो होता. राखाडी आभाळ आणि खाली मोकळी, सपाट, स्वच्छ जमीन. पाणी अडवायचा दगडसुद्धा दिसत होता. खाली इंग्रजीत दोन ओळी होत्या.

"काय लिहिलंय?" गिरिजानं विचारलं.

"की, म्हणजे, ही शहराची जमीन बेकार पडलीय, कुणी यूज करत नाही, तर इथं काहीतरी चांगलं व्हायला पाहिजे. सगळे बिल्कुल फेव्हरमध्ये आहेत, यार. मी लिहिणार होते की हे तर बाबांचं... मग वाटलं, काय लिहू?"

"दे इकडे," मुरलीधर म्हणाला.

त्यानं फोन डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ. रुचितानं दोन बोटांनी फोटो मोठा करून दिला. दाताळ्याच्या रेघा दिसत होत्या, एकासारखी एक. तो त्या बघत राहिला.

"चांगलं दिसतंय," तो म्हणाला आणि फोन परत दिला.

गिरिजाचा तोल तेव्हा सुटला. "दिसणारच की! सांगत होते मी, पीक राहू द्या म्हणून. फ्लॉवर उभा असता तर कोण म्हणालं असतं बेकार आहे? तुम्हाला चुना मारायचा होता. मारलात ना? आता बसा बघत."

रुचिता म्हणाली, "आई, प्लीज."

मुरलीधर उठला, भिंतीला धरून आतल्या खोलीत गेला आणि दार लोटून घेतलं. गिरिजानं परातीतलं पीठ तसंच ठेवलं. बोलले ते खोटं नव्हतं, पण बोलायला नको होतं, असं तिला वाटत राहिलं, आणि त्या दिवशी तिळगूळ कुणीच खाल्ला नाही.

बैठक एकदाची झाली. पडद्यावर पहिल्यांदा तोच फोटो आला.

"ये देखिए," अंशुमन म्हणाला. "ज़मीन खाली पड़ी है. किसी का कुछ नहीं उजड़ रहा."

गिरिजा उभी राहिली. तिनं रात्रंदिवस मनात जुळवलेलं सगळं बोलणं त्या फोटोपुढे पळालं. "खाली नहीं पड़ी थी," ती म्हणाली. "हमने खाली की. आपने बोला, इसलिए की. मेरे आदमी ने अपने हाथ से खाली की."

"ताईजी, हम तो आपका धन्यवाद करते हैं," प्रधानजी म्हणाले. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, ते खरंच आभार मानत होते, आणि ते तिला जास्त लागलं.

हात वर करायला सांगितलं. ठरावाच्या विरोधात गिरिजाचा हात सगळ्यात आधी वर गेला. नखांत अजून माती होती. तिनं बाजूला पाहिलं. संतोषनं पदर पुढे ओढला होता आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. बाजूनं हात वर करायला सांगितलं तेव्हा तिचा उजवा हात हळूहळू, खांदा दुखत असल्यासारखा, वर गेला. एका मतानं ठराव झाला. टाळ्या वाजल्या. शिपायानं बर्फी फिरवली.

बाहेर जिन्यात संतोषनं तिला गाठलं. "ताई, मेरे घरवाले ने कहा, जब ज़मीन खाली ही पड़ी है तो..." गिरिजा म्हणाली, "जा, बहन, घर जा." तिच्यावर चिडायलाही अंगात बळ उरलं नव्हतं.

घरी सांगायची वेळ आली नाही. मुरलीधरनं तिचं तोंड पाहिलं आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

होळीच्या आधीच पत्र्याचं कुंपण उभं राहिलं. म्हशी दुसऱ्या वाटेनं, हमरस्त्याच्या कडेनं जायला लागल्या. यंत्रांनी बांध मोडले, उंचवटे केले, खळगे केले, जोहडाची एक बाजू दगडांनी बांधली. होळी झाली आणि ठेकेदार दारात आला. भला माणूस होता. खाटेवर न बसता जमिनीवर बसला.

"ताऊ, सुना है घास का काम आपसे अच्छा इलाके में कोई नहीं जानता. उद्घाटन से पहले एक टुकड़ा हरा करके दिखाना है. आप बस कुर्सी डालकर लेबर को बताते रहना."

"नहीं," मुरलीधर म्हणाला.

"सोच लो."

"सोच लिया."

गिरिजा चुलीपाशी होती. तिला वाटलं, बरं केलं. आज कितीतरी दिवसांनी त्याचा आवाज पहिल्यासारखा वाटला होता.

मग ऊन तापायला लागलं. मुरलीधर सकाळी फिरायला म्हणून बाहेर पडू लागला. कुठे जातो ते सांगायचा नाही, तिनंही विचारलं नाही. घराबाहेर पडतोय हेच खूप होतं. एके दिवशी ऊन डोक्यावर आलं तरी तो परतला नाही. कोपऱ्यात पाहिलं तर कुदळ होती, खुरपं मात्र नव्हतं. गाडी तशीच रस्त्यात सोडून ती कुंपणाकडे गेली. मजुरांसाठी एक पत्रा वाकवून वाट केली होती, त्यातून आत शिरली.

आत ओळखीचं काही उरलं नव्हतं. लाल-पिवळी लुगडी नेसलेल्या बायका रांगेनं बसल्या होत्या, पुढ्यात ओल्या गोणपाटात हरळीचे जुडगे. एकेक काडी घ्यायची, मातीत खोचायची, पुढे सरकायचं. रांगेच्या टोकाला, त्यांच्यासारखाच उकिडवा, मुरलीधर होता. डोक्याला ओला पंचा, पाठ डावीकडे कललेली.

"अहो," ती म्हणाली. "हे काय?"

त्यानं वर पाहिलं नाही. "गाठ वर ठेवून लावत होत्या. गाठ मातीत नको का जायला? तिथनंच फुटते ती. आणि ह्या उन्हात नुसती काडी खोचून पुढे. हीही वाळली असती."

"वाळू दे की!"

"मीही तेच म्हणत होतो." त्यानं एक काडी खोचली, अंगठ्यानं दाबली. "कुंपणाच्या फटीतून बघायचो रोज. वाळली की बरं वाटेल म्हणून. आधीची वाळलीही, गिरिजा. पिवळी पडली सगळी. नाही बरं वाटलं."

"ठेकेदाराला हो म्हणालात?"

"त्याला माहीतही नाही."

तिला त्याचा राग आला. इतका की त्याला दंडाला धरून उठवावं आणि ओढत घरी न्यावं. ती दोन पावलं पुढे झाली आणि तिच्या पायाला काहीतरी टणक लागलं. खाली बघितलं तर पाणी अडवायचा दगड होता, निम्मा मातीत गाडलेला. म्हणजे इथं पाट होता. म्हणजे तो बसला होता तो मुळ्याचा वाफा.

ती वाकली. का वाकली ते तिलाही सांगता आलं नसतं. तिच्या हातानं समोरची हरळीची काडी चिमटीत धरली, मनगट जरासं फिरवलं, मुळासकट उपटली, माती झटकली आणि बांध असायचा त्या बाजूला भिरकावली. इतक्या वर्षांत हजारदा केलं होतं तसंच.

"अरे ताई, ये क्या कर दिया!" शेजारची बाई म्हणाली.

मुरलीधरनं तेव्हा वर पाहिलं. त्याच्या कपाळावरून घामाचा ओघळ नाकावर आला होता आणि डोळे लाल झाले होते.

गिरिजानं आपल्या रिकाम्या हाताकडे पाहिलं. मग ती गेली, ढेकळांत वाकून शोधलं, ती काडी सापडली. उन्हानं लगेच मलूल पडली होती. तिनं ती पदरानं पुसली, परत आली आणि त्याच्यापुढे धरली.

मुरलीधरनं काडी घेतली. उलटसुलट बघितली, तुटलेलं टोक नखानं खुडलं, गाठ खाली येईल अशी त्याच खळग्यात ठेवली आणि चारी बाजूंनी माती दाबली. मग तो गुडघ्यावर हात टेकून म्हणाला, "पाणी आण तेवढं."

गिरिजानं शेजारचा पत्र्याचा डबा उचलला आणि ती टँकरकडे गेली.